रुमालाखालचे दोन हात : अन्नाच्या बाजारातील लबाडीला दंड कशाबद्दल आणि किती?

१/ बाजार भरला आहे. शेतकऱ्याने आणलेली धान्याची रास पुढ्यात आहे. राशीच्या कडेला दोन माणसे उभी आहेत : एक अडत्या, दुसरा खरेदीदार. दोघांचे हात एकाच रुमालाखाली. बोटे दाबली जातात, सोडली जातात आणि भाव ठरतो. ज्याची रास आहे, त्याला हा सौदा दिसत नाही आणि ऐकूही येत नाही. या रीतीला ‘हत्ता पद्धत’ म्हणत. (धागा)

२/ हे कुणा कादंबरीकाराचे कल्पनाचित्र नव्हे. लॉर्ड लिनलिथगो यांच्या अध्यक्षतेखालील शाही कृषी आयोगाने १९२८ च्या अहवालात हिंदुस्थानातील बाजारांच्या ज्या खोडी नोंदवल्या, त्यांत ही होती. तराजू आणि वजनांत फेरफार, धर्मादायाच्या नावाने कपात, सौदा झाला नाही तरी ‘नमुना’ म्हणून उचललेला माल, आणि शेतकऱ्याचा म्हणवणारा पण खरेदीदाराकडे झुकलेला दलाल, अशी ती यादी आहे.

३/ त्यानंतर कायदे अनेक आले. मात्र त्यांच्याभोवतीची चर्चा बहुतेक वेळा भावाची झाली, दंडाची क्वचितच. लबाडी सिद्ध झाली तर ती लबाडाला कितीला पडते, हा प्रश्न दुय्यम मानला गेला. वास्तविक कायद्याची खरी पारख तिथेच होते. दंड जर लबाडीतल्या नफ्याहून स्वस्त असेल, तर तो दंड नव्हे, धंद्याचा आणखी एक खर्च आहे.

४/ या धाग्याचे प्रतिपादन तीन वाक्यांचे आहे. दंड भावाला नको, वर्तनाला हवा. त्याचा आकडा लबाडीतून झालेल्या लाभाशी बांधलेला हवा. आणि तक्रार करणाऱ्याचा उद्याचा बाजार सुरक्षित हवा. या तिन्हींवाचून कडक दंड म्हणजे शेतातले बुजगावणे : पाखरे दोन दिवस बिचकतात, तिसऱ्या दिवशी त्याच्याच खांद्यावर बसतात.

५/ प्रारंभ कौटिल्यापासून करावा. अर्थशास्त्राच्या ‘कंटकशोधन’ नावाच्या चौथ्या अधिकरणात व्यापाऱ्यांपासून प्रजेच्या रक्षणाचा स्वतंत्र अध्याय आहे. ठरावीक मापांत अर्ध्या पलाचा फरक तिथे दोष मानलेला नाही. माणसाचा हात चुकू शकतो, हे ग्रंथकार जाणतो. फरक एका पलाचा झाला, की १२ पण दंड. तूट वाढेल तसा दंडही वाढतो. धान्यात किंवा तेलात तशाच रंगरूपाची दुसरी वस्तू मिसळली, तरी १२ पण.

६/ खरी नजर पुढच्या तरतुदीत दिसते. तोलणाऱ्याने किंवा मापणाऱ्याने हातचलाखीने एका पणाच्या मालात आठवा हिस्सा मारला, तर दंड २०० पण. म्हणजे चोरलेल्या मूल्याच्या १,६०० पट! हे प्रमाण अकारण नसावे. हातचलाखी शेकडो वेळा होते आणि एखाद्याच वेळी पकडली जाते. त्या एका वेळी उरलेल्या शेकडो वेळांचा हिशेब चुकता व्हावा, हे गणित त्यामागे वाचता येते. व्यापाऱ्यांनी संगनमत करून माल अडवला, तर १,००० पण.

७/ अर्थशास्त्राचा गौरव करताना दोन गोष्टी विसरता कामा नयेत. एक, हा ग्रंथ राज्य कसे असावे हे सांगतो. प्रत्यक्ष वसूल झालेल्या दंडाची ती चोपडी नव्हे. दोन, त्यातील संरक्षण मुख्यतः घेणाऱ्याला आहे. बाजारात माल घेऊन येणारा शेतकरी विकणारा असूनही दुबळा असू शकतो, हा विचार तिथे मध्यवर्ती नाही. ही उणीव पुढे दोन हजार वर्षे टिकली.

८/ समाजमाध्यमांवरील इतिहासप्रेमींचे दुसरे आवडते उदाहरण म्हणजे अलाउद्दीन खिलजीचा बाजार. झियाउद्दीन बरनीच्या वृत्तान्तानुसार दिल्लीत गव्हाचा भाव मणाला साडेसात जितल ठरवलेला होता. मंडईवर ‘शहना’ नावाचा अधिकारी आणि त्याच्याही वर हेरांची नजर होती. कमी तोलणाऱ्याच्या अंगाचे तेवढे मांस कापून घेतले जाई, असेही बरनी लिहितो. हे वाचून ‘आज असाच दंड हवा’ असे उद्गार निघतात. हे उद्गार इतिहासाचे अर्धेच पान वाचून निघालेले आहेत.

९/ उरलेले अर्धे पान असे. त्या स्वस्त गव्हाची किंमत दोआबातील शेतकऱ्याने मोजली. उत्पन्नाचा अर्धा हिस्सा सारा म्हणून गेला आणि उरलेले धान्य ठरवलेल्या भावाने शेतातच वाहतूकदार व्यापाऱ्यांना देण्याची सक्ती झाली. दंडाचा धाक सैन्य आणि राजधानी यांच्या पोटासाठी होता, पिकवणाऱ्यासाठी नव्हे. आणि १३१६ मध्ये सुलतानाचा मृत्यू होताच ही व्यवस्था कोसळली. एका माणसाच्या दहशतीवर उभा राहिलेला दंड त्या माणसाबरोबरच संपतो.

१०/ आता वऱ्हाडात यावे. हा प्रांत नाव निजामाचे आणि कारभार इंग्रजांचा अशा अवस्थेत होता. १८८६ मध्ये हैदराबादच्या रेसिडेंटच्या आदेशाने कारंजा येथे कापसाचा नियंत्रित बाजार सुरू झाला. देशातील असा हा पहिला बाजार मानला जातो. हेतू शेतकऱ्याच्या कल्याणाचा होता, असे समजण्याचे कारण नाही. मँचेस्टरच्या गिरण्यांना निर्भेळ कापूस रास्त भावाने हवा होता.

११/ कापूस हे अन्न नव्हे, हे खरे; परंतु १८९७ च्या वऱ्हाड कापूस व धान्य बाजार कायद्याने हीच चौकट धान्यालाही लागू केली. तिच्यातील मूळ दोष तेव्हाच उघड होता. बाजारावर देखरेख करणाऱ्या समितीवर व्यापाऱ्यांचेच वर्चस्व राहिले. ज्याला दंड व्हायचा, त्याच्याच सोबत्यांनी तो करायचा! कुंपणच शेत खाऊ लागल्यावर राखण कुणाची मागावी?

१२/ उत्पादकाचे हित डोळ्यांसमोर ठेवणारा पहिला प्रयत्न म्हणून १९२७ च्या मुंबई कापूस बाजार कायद्याकडे पाहिले जाते. त्यामागून १९३९ चा मुंबई कृषी उत्पन्न बाजार कायदा आणि १९६३ चा महाराष्ट्राचा बाजार समिती कायदा आला. उघड लिलाव, परवानाधारक अडते व मापाडी, समितीत शेतकऱ्यांचे प्रतिनिधी आणि अनधिकृत कपातीस बंदी, ही या परंपरेची कमाई आहे. तिला कमी लेखणे हा कृतघ्नपणा ठरेल. रुमाल दूर झाला, तो याच कायद्यांमुळे.

१३/ मात्र रुमाल दूर झाला म्हणून हात स्वच्छ झाले, असे नव्हे. कडता, मातेरे, नमुना, घट ही कपातीची जुनी नावे बाजारातून पुरती गेली नाहीत. लिलावात एक भाव बोलायचा आणि गाडी रिकामी करताना मालात खोट दाखवून ‘वांधा’ काढायचा, हा प्रकार कांद्याच्या शेतकऱ्याला कुणी समजावून सांगावा लागत नाही. अर्धी गाडी खाली झालेला माणूस उरलेला माल घेऊन कुठे जाणार?

१४/ मग तक्रार का होत नाही? कारण ज्याच्याविरुद्ध ती करायची, त्याच्याच दारी पुढच्या आठवड्यात पुन्हा माल न्यायचा असतो. अनेकदा पेरणीसाठी त्याच अडत्याकडून उचल घेतलेली असते. नाशवंत माल थांबत नाही, देणेही थांबत नाही. अशा माणसाला ‘तुझा तक्रारीचा हक्क अबाधित आहे’ असे सांगणे म्हणजे विहिरीत पडलेल्याला वर जाण्याची वाट दाखवून दोर मात्र न देणे होय.

१५/ अडत हेच पाहावे. अडत्या शेतकऱ्याचा माल विकून देतो म्हणून मोबदला शेतकऱ्याकडून घेई. हित मात्र अनेकदा खरेदीदाराचे पाही. डिसेंबर २०१४ मध्ये अडत खरेदीदाराकडून घ्यावी असा आदेश पणन संचालकांनी काढला. व्यापाऱ्यांचा विरोध उसळताच तो काही दिवसांत स्थगित झाला. फळे व भाजीपाल्याच्या बाबतीत हा बदल होण्यास जुलै २०१६ उजाडावे लागले. एक साधा न्याय्य नियम, आणि तोही बाजार बंद पाडण्याच्या शक्तीपुढे दीड वर्ष अडकून पडला.

१६/ याहून बोलके उदाहरण ऑगस्ट २०१८ चे आहे. किमान आधारभूत किमतीपेक्षा कमी दराने खरेदी करणाऱ्या व्यापाऱ्याला एक वर्षापर्यंत कारावास आणि ५० हजार रुपये दंड, असा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने घेतला. मूग-उडदाच्या नव्या आवकेचा तो काळ. व्यापाऱ्यांनी ठिकठिकाणी खरेदी थांबवली. अखेर अशी तरतूद अंमलात आलेलीच नाही, असा खुलासा सरकारला करावा लागला. शिक्षा व्यापाऱ्याला सांगितली. भोगली ती माल घेऊन ताटकळलेल्या शेतकऱ्याने.

१७/ या प्रसंगाचा आधार घेऊन ‘बाजारात दंड चालतच नाही’ असे म्हणणारा एक वर्ग आहे. त्याचा निष्कर्ष चुकीचा आहे. २०१८ मध्ये अयशस्वी ठरला तो दंड नव्हे, तर त्याचे लक्ष्य. तो भावावर लावला होता. भाव मागणी, आवक, आयात-निर्यातीची धोरणे यांवर हलतो. हमीभाव मिळवून द्यायचा तर शासनाने स्वतः खरेदीत उतरावे. ते ओझे तुरुंगाचा धाक घालून व्यापाऱ्याच्या डोक्यावर ठेवणे हा न्याय नव्हे. ती स्वतःच्या जबाबदारीची टाळाटाळ आहे.

१८/ वर्तनाचे तसे नाही. काट्यावर अंगठा ठेवणे, लिलावानंतर भाव पाडणे, पैसे महिनोन्‌महिने अडकवणे, बेकायदा कपात करणे : यांपैकी एकही गोष्ट मागणी-पुरवठ्याच्या नियमाने घडत नाही. ती कुणीतरी ठरवून करतो. तेजी असो वा मंदी, प्रामाणिक व्यापाऱ्याला यांतले काहीही करावे लागत नाही. म्हणून असा दंड झाला तर प्रामाणिक माणसाला दुकान बंद करण्याचे कारणच उरत नाही.

१९/ आपल्याकडेच याचा एक बरा नमुना आहे. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशानुसार कारखान्याने ऊस मिळाल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यावेत. उशीर झाल्यास वार्षिक १५ टक्के व्याज. म्हणजे जितका विलंब तितका भुर्दंड, आणि तोही ज्याचे नुकसान झाले त्याच्याच हाती. तत्त्व चोख आहे. पण ते व्याज मिळवण्यासाठी शेतकऱ्यांना पुन्हा आंदोलने करावी लागली, न्यायालयांचे उंबरठे झिजवावे लागले. मागितल्याशिवाय जे मिळत नाही, ते सर्वांत दुबळ्याला सर्वांत शेवटी मिळते.

२०/ आता समुद्रापलीकडे पाहू. कारण हा रोग एकट्या भारताचा नाही. ब्रिटनमध्ये किराणा मालाच्या महाकाय साखळ्या पुरवठादारांना वाकवतात, हे चौकशीत दिसल्यावर २०१० मध्ये आचारसंहिता लागू झाली. २०१३ मध्ये तिच्यासाठी स्वतंत्र निर्णायक नेमला गेला. दंडाचा अधिकार मात्र त्याच्या हाती एप्रिल २०१५ मध्ये आला. कमाल मर्यादा : त्या साखळीच्या ब्रिटनमधील उलाढालीच्या १ टक्का.

२१/ मधल्या या विलंबाचे मोल लवकरच कळले. टेस्को या साखळीने पुरवठादारांचे पैसे अडकवल्याच्या प्रकरणाचा चौकशी अहवाल जानेवारी २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. एका पुरवठादाराची काही दशलक्ष पौंडांची येणे रक्कम चूक ध्यानात आल्यानंतरही बारा महिन्यांहून अधिक काळ परत मिळाली नव्हती. संहितेचा गंभीर भंग झाल्याचा निष्कर्ष निघाला. दंड मात्र शून्य! कारण हे वर्तन दंडाचा अधिकार लागू होण्यापूर्वीचे होते. संहिता होती, निर्णायक होता, दोषही सिद्ध झाला. नव्हता तो फक्त दंड.

२२/ युरोपीय संघाने एप्रिल २०१९ मध्ये अन्नसाखळीतील अनुचित व्यापारी प्रथांविरुद्ध निर्देश स्वीकारला. नाशवंत मालाचे पैसे ३० दिवसांपलीकडे अडवणे, ३० दिवसांची पूर्वसूचना न देता नाशवंत मालाची मागणी रद्द करणे, करार एकतर्फी बदलणे, अशा गोष्टी त्यात वर्ज्य आहेत. तक्रार केली म्हणून पुरवठादारावर सूड उगवणे हीसुद्धा त्याच यादीतली अनुचित प्रथा आहे. तक्रारदाराची ओळख गुप्त ठेवण्याची सोय आहे आणि त्याच्या वतीने संघटनेला तक्रार करता येते. वर्ज्य गोष्टींच्या यादीत भाव कुठेही नाही. आहे ते वर्तन.

२३/ परंतु दंड किती, हे त्या निर्देशाने सदस्य देशांवर सोपवले. तो परिणामकारक, प्रमाणशीर आणि धाक बसवणारा असावा, एवढेच म्हटले. जर्मनीने कमाल मर्यादा ७,५०,००० युरो ठरवली. हा आकडा मध्यम व्यापाऱ्याला जबर आहे. अब्जावधी युरोंची उलाढाल करणाऱ्या साखळीला मात्र तो किरकोळ खर्च आहे. ठोक आकड्याचा दंड लहानाला चिरडतो आणि मोठ्याला गुदगुल्या करतो. शिवाय तो महागाईत दरवर्षी थोडाथोडा विरघळतो.

२४/ उलाढालीच्या प्रमाणात दंड ही कल्पना भारताला परकी नाही. २००२ च्या स्पर्धा कायद्यात ती आहेच. तिथे मर्यादा १० टक्क्यांपर्यंत जाते. पण तो कायदा बाजारातील वर्चस्व आणि संगनमत यांसाठी आहे. एका गाडीवरच्या ‘वांध्या’साठी नव्हे. ग्राहक संरक्षण कायद्यातही ‘अनुचित व्यापारी प्रथा’ हे शब्द आहेत, पण तिथले संरक्षण घेणाऱ्याला. कौटिल्याच्या अध्यायातली उणीव इथेही कायम आहे : विकणारा दुबळा असू शकतो, हे कायद्याला अजून नीट उमगलेले नाही.

२५/ आक्षेप येतो, की व्यापारी जोखीम घेतो, उधारी सोसतो, माल सडला तर तोटाही त्याचाच. मग दंडाचे ओझे त्याच्यावरच का? आक्षेप पोकळ नाही. बाजार व्यापाऱ्याशिवाय चालत नाही, आणि प्रत्येक अडत्या लबाड असतो असे मानणे हा निव्वळ पूर्वग्रह आहे. पण लबाडीला मोकळीक दिल्याने पहिला बळी जातो तो प्रामाणिक व्यापाऱ्याचाच. जो कडता कापत नाही, त्याला कापणाऱ्याशी स्पर्धा करावी लागते. दंड हे सरळ व्यापाऱ्याचेही संरक्षण आहे.

२६/ तेव्हा इतिहासातून निघणारी मागणी स्पष्ट आहे. एक : अनुचित वर्तनांची नेमकी यादी, जिच्यात भाव नसेल. दोन : दंड लाभाच्या पटीत, मोठ्या खरेदीदारासाठी उलाढालीच्या प्रमाणात. तीन : अडकलेली रक्कम आणि व्याज आधी शेतकऱ्याच्या हाती, न मागता, दंड त्यानंतर. चार : नाव गुप्त ठेवून किंवा उत्पादक संघटनेमार्फत तक्रार, आणि सूड उगवणे हा स्वतंत्र अपराध. पाच : दंड ठरवणारी यंत्रणा बाजार समितीच्या बाहेरची. १८९७ ची चूक आणखी किती वेळा करायची?

२७/ या पाचांतली एकही गोष्ट क्रांतिकारक नाही. लाभाच्या पटीत दंड अर्थशास्त्रात आहे, विलंबावर व्याज ऊस आदेशात आहे, उलाढालीचे प्रमाण स्पर्धा कायद्यात आहे, सूडापासून संरक्षण युरोपात आहे. तुकडे सगळे हाताशी आहेत. ते एका कायद्यात जोडले गेलेले नाहीत, एवढेच. आणि ते अज्ञानामुळे राहिले, असे म्हणण्याची सोय इतिहास देत नाही.

२८/ हत्ता पद्धतीचा रुमाल आज दिसत नाही. त्याची जागा हिशोबपट्टीवरच्या न समजणाऱ्या कपातीने, कराराच्या बारीक अक्षरांतल्या कलमाने आणि ‘पैसे पुढच्या आठवड्यात’ या वाक्याने घेतली आहे. रुमालाचा कपडा बदलला, एवढेच. ज्याची रास आहे, तो अजूनही कडेला उभा राहून दोन हातांकडे पाहतो आहे. रुमाल ओढण्याचा अधिकार त्याला कायद्याने केव्हाच दिला. ओढल्यावर त्या हातांचे काय होणार, हे सांगण्याचे धैर्य अजून व्हायचे आहे. (समाप्त)